धामणगावाहून पुढे

मुंबईहून रात्रीच्या गाडीने यवतमाळला निघालेले कुटुंब सकाळी उतरते ते धामणगावच्या फलाटावर, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही यवतमाळ मुंबई-हावडा लोहमार्गापासून दूर पडले आहे. पुढचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर बाभुळगाववरून मोटारीने कापावे लागते. सामान, वडीलधारी मंडळी आणि डुलकी न सरलेली मुले यांच्यासह कुटुंब स्टेशनाबाहेर येते आणि तेथेच भाड्याच्या गाडीचा प्रश्न उभा राहतो.

यवतमाळने आगगाडी पाहिलीच नाही, असे मात्र नाही. लोकांनी लाडाने ‘शकुंतला’ म्हटलेली अरुंद रुळांची गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर धावत असे. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा मार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत, आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचावा यासाठी उभारला. देश स्वतंत्र झाला तरी या रुळांची मालकी खासगीच राहिली. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले; पुढे गाडीच थांबली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. कळंबला जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते त्या चिंतामणीचे भाविक त्यामुळे सुखावले. पण वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा असा विस्तार असलेल्या जिल्ह्यात लग्नकार्याला, जिनिंगच्या व्यवहाराला किंवा टिपेश्वरच्या अभयारण्यात जायचे, तर एसटी, काळी-पिवळी किंवा ठरवून घेतलेली गाडी हेच मार्ग उरतात. मोठ्या शहरासारखी मोबाइलवर बोट ठेवताच दारी गाडी येईल, या भरवशावर येथे येऊ नये. आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

व्यापारी घरांत अशा वेळी पहिला फोन जातो तो नातलगांना. ‘कोणाची ओळखीची गाडी आहे का?’ गाडी निघतेच. स्वच्छ असते, भाडेही कमी असते. फक्त तिची नंबरपाटी पांढरी असते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी. पांढरी पाटी घरगुती वापराची. खासगी मोटारीच्या विमापत्रात भाडे घेऊन केलेली वाहतूक वगळलेली असते, आणि ही ओळ अपघातानंतरच पहिल्यांदा वाचली जाते. दुकानातल्या मालाचा विमा दरवर्षी न चुकता भरणारे घर आजी-आजोबांना मात्र पाचशे रुपयांच्या बचतीसाठी अशा गाडीत बसवते, हा हिशेब कोणत्याही खतावणीत जुळणार नाही.

भाडे ठरवतानाही ‘किलोमीटरला किती?’ एवढे विचारून भागत नाही. दिवसाचे किमान किलोमीटर किती धरले आहेत, मोजणी गाडीमालकाच्या दारापासून सुरू होते की प्रवाशाच्या, एका बाजूनेच जायचे असल्यास रिकाम्या परतफेरीचे पैसे कोणाकडे, टोल आणि चालकाचा भत्ता धरलेला आहे की वेगळा, हे आधीच बोलून घ्यावे. निघताना किलोमीटरच्या काट्याचे छायाचित्र घेतले की संध्याकाळी घासाघीस उरत नाही. बहुतेक कटकटी गाडीमालकाच्या लबाडीपेक्षा न बोललेल्या गोष्टींतून उद्भवतात.

याच घरांतले कोणी हिऱ्यांच्या कामाने बेल्जियममधील अँटवर्पला जाते, तेव्हा चित्र उलटे होते. तेथे भाड्याच्या मोटारीबरोबर चालक येत नाही. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतातून निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढलेला बरा. त्याची मुदत एक वर्षाची असते. शिवाय २०१७ पासून शहराच्या मध्यभागी जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांवर निर्बंध आहेत. तेथे माणूस प्रत्येक कागद दोनदा तपासतो. धामणगावला उतरल्यावर तीच दक्षता कशी कोण जाणे गळून पडते.

आणि येथे गाडीबरोबर चालक येतो, ही सोय असली तरी जबाबदारीही आहे. यवतमाळहून करंजी, वणी, वरोरा असे करत भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिरापर्यंत जायचे तर जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास मजल होते. पहाटे निघणाऱ्या कुटुंबाने चालक रात्री कोणाची वरात पोचवून आला आहे का, हे विचारायला संकोच करू नये. दर्शनाला आणि भोजनाला मंडळी आत गेली की तो उन्हात गाडीपाशी थांबतो. त्याचे जेवण वेळेवर झाले का, तासभर पाठ टेकायला सावली मिळाली का, याची चौकशी क्वचितच होते. परतीला त्याच्याच डोळ्यांवर सगळ्यांची भिस्त असते.

वणीच्या पट्ट्यात कोळशाचे ट्रक सतत चालू असतात. करंजीला नागपूर-हैदराबाद महामार्ग ओलांडला की रस्ता मोकळा वाटतो, पण अंधार पडताच शेतांतून रोही आणि रानडुकरे डांबरावर येतात. वेगातल्या गाडीपुढे रोही आला तर जीव त्याचाही जातो आणि आतल्यांचाही धोक्यात येतो. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरांना सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचेच असते. तेव्हा भद्रावतीहून दोनच्या आत निघावे, वाटेत ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून उतरणाऱ्या काकांना आवरावे आणि उजेडात यवतमाळ गाठावे. निघायला उशीर झालाच, तर वणीत मुक्काम करावा. चालकाच्या एका रात्रीच्या भत्त्याची भर भाड्यात पडेल, एवढेच.