विमानातल्या वायफायला पत्र

मेढा, ता. जावळी, जि. सातारा

चिरंजीव वायफाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावळीत रेल्वे नाही, विमानतळाचं तर नावच नको. तरी तुला पत्र लिहायचा हक्क आम्हाला आहे. आमच्या आजोबांची पिढी माथाडी म्हणून मुंबईच्या बाजारात पोती उचलायला गेली. तिची नातवंडं आता कामासाठी विमानातून हिंडतात. ती हवेत असताना मेढ्यातली आई दर दहा मिनिटांनी फोन लावून बघते आणि "स्विच ऑफ लागतोय" म्हणत देवापाशी जाऊन बसते. "आई, जेवलो, काळजी करू नको" एवढा एक मेसेज तू पोचवलास, तरी माझ्या हिशेबी तुझा पगार फिटला.

तू आमच्या देशात तसा उशिरा आलास. लुफ्तान्साच्या विमानात 2004 सालीच इंटरनेट होतं; ते पुरवणाऱ्या बोइंगला धंदा परवडेना आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळला गेला. आपल्याकडे नियम झाले 2018 मध्ये. 1 जानेवारी 2025 ला एअर इंडियाने देशातल्या मार्गांवर काही विमानांत तुला आणलं, तेही सुरुवातीला फुकट. विमान 3,000 मीटरच्या वर गेल्याशिवाय तू चालू व्हायचं नाहीस असा दंडक आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच. विमानाच्या पाठीवरच्या अँटेनातून तू थेट उपग्रहाशी बोलतोस आणि तो उपग्रह बहुधा 36,000 किलोमीटरवर असतो. हाक जाऊन ओ यायला क्षणभर लागणारच. लोक तेवढ्यासाठीही तुला शिव्या देतात!

तुझा खरा उपयोग मात्र प्रवाशांच्या सिनेमापेक्षा पुढे, वैमानिकाच्या खोलीत आहे. वाटेतल्या वादळाचं ताजं चित्र तिथे दिसलं, तर विमान आधीच वळवता येतं. कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर जमिनीवरच्या डॉक्टरला विचारता येतं. आणि 8 मार्च 2014 ची ती रात्र. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं विमान 239 माणसांसकट नाहीसं झालं. रडारवरून ते गेल्यानंतरही कित्येक तास उपग्रह त्याला साधारण तासातासाने "आहेस का?" विचारत होता आणि विमानातलं यंत्र "आहे" म्हणत होतं. कुठे आहे, हे सांगायची सोय त्या उत्तरात नव्हती. समुद्रात शोध घेतला गेला तो त्या तुटपुंज्या उत्तरांच्या आधाराने.

आता तुझ्या नावाने जी भीती घातली जाते तिच्याबद्दल. प्रवाशाच्या सीटवरून कुणी विमानच हॅक करील, ही मला तरी सिनेमातली गोष्ट वाटते. प्रवाशांचं जाळं आणि उड्डाणाची यंत्रणा वेगळी ठेवावी लागते. बोइंग 787 ला परवानगी देताना अमेरिकेच्या विमान खात्याने 2008 मध्ये याची खास अटच घातली होती. त्यापेक्षा तुझं सोंग घेणारा भामटा धोक्याचा. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये एकाला पकडलं, कारण विमानात त्याने स्वतःचं खोटं वायफाय उघडून लोकांचे पासवर्ड गोळा केल्याचा आरोप होता. तेव्हा बँकेचं काम खाली उतरून करावं.

मला खरी धास्ती आहे ती अफवेची. 21 सप्टेंबर 2005 ला जेटब्लूच्या एका विमानाचं पुढचं चाक उड्डाणानंतर आडवं अडकलं. सीटसमोरच्या टीव्हीवर थेट बातम्या लागत होत्या आणि प्रवासी आपलंच विमान घिरट्या घालताना, तज्ज्ञ आपल्याच जगण्यामरण्याची चर्चा करताना पाहत बसले होते. सगळे सुखरूप उतरले, हे नशीब. ती बातमी निदान खरी होती. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या विमान कंपन्यांना बाँबच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या, बऱ्याचशा समाजमाध्यमांवरून. दिल्लीहून शिकागोला निघालेलं विमान कॅनडातल्या इकालुइटच्या थंडीत उतरवावं लागलं. तशी धमकी तीनशे माणसांनी हवेत, एकाच मिनिटाला, आपापल्या मोबाइलवर वाचली तर? खाली घबराट झाली तर माणूस बाहेर पळतो. वर दार उघडता येत नाही. अशा वेळी तुला बंद करण्याचं बटण वैमानिकाच्या हाताशी हवं आणि ते दाबताना त्याला कुणाची भीड वाटता कामा नये.

आणखी एक, जरा घरचं गाऱ्हाणं. बामणोलीहून लाँच कोयनेच्या पाण्यातून वासोटा किल्ल्याकडे निघाली की फोनची रेंज जाते. 19 नोव्हेंबर 2024 ला इस्रोचा जीसॅट-एन2 हा उपग्रह अमेरिकेतून आकाशात गेला, तो विमानांतल्या इंटरनेटसाठी आणि दुर्गम भागांसाठीही. दोन्ही कामं एकाच उपग्रहाची असतील, तर विमानात तिकीट काढून दोन तास बसणाऱ्याच्या आधी कोयनेच्या पाण्यापलीकडच्या बाळंतिणीचा नंबर लागायला हवा. हे तुझ्या हातात नाही, ठाऊक आहे. ज्यांच्या हातात आहे ती तुझीच गिऱ्हाइकं आहेत, म्हणून तुला सांगतोय. हे त्यांच्या स्क्रीनवर टाक.

आणि मेसेज काय हवे तेवढे जाऊ देत, पण बोलणं नको. आपल्या नियमांत त्यालाही वाट आहे, म्हणून आधीच सांगतो. आमच्या एसटीत मेढा ते सातारा सगळ्या गाडीला एकाच्या जमिनीचा वाद ऐकावा लागतो. पण तिथे निदान वाटेत उतरता येतं.

कळावे. लोभ असावा.

तुझा,
एक मेढेकर