नान्नजच्या माळावर

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की नान्नज अंधारातच येतं. उजाडायच्या आत माळावर पोचायला हवं; उन्हं चढली की पाखरं सावली धरतात. कुसळं पायमोज्यांत घुसतात, दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते. वर कुठेतरी चंडोल गात असतो. धाविक पक्षी चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो. काळविटं चरतात. थंडीत आलेला भोवत्या गवताला पोट लावून तरंगत जातो. सगळे हजर. ज्याच्यासाठी झोपमोड केली, तो तेवढा नाही.

माळढोक. मीटरभर उंचीचा, पांढऱ्या मानेचा, काळ्या टोपीचा राजबिंडा पक्षी. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा आणि अख्खा माळ ऐकायचा. मादी हंगामात बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळावर केवढा हा भरवसा!

1979 साली इथे अभयारण्य झालं, कागदावर तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि राग निघाला पाखरावर. पुढे क्षेत्र जेमतेम सातव्या हिश्श्यावर आलं. तोवर माळ नांगराखाली गेला होता. नान्नजच्या द्राक्षांनी नाव काढलं. कोरडवाहू भोगलेल्या शेतकऱ्याला त्याबद्दल कुठल्या तोंडाने बोल लावायचा?

बोल लावायचा तो आपल्या हिरव्या वेडाला. उरल्यासुरल्या गवतातही आपण ग्लिरिसिडिया लावला. ज्याला चहूकडे दूरवर दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्यापुढे झाडांची भिंत उभी केली, वर विजेच्या तारा ओढल्या. या जड पाखराला समोरची तार वेळेवर दिसत नाही.

आता उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरकडे आहेत. तिथे 2019 पासून अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवताहेत. नान्नजला अलीकडे दिसलीच तर एखादी एकटी मादी, आणि तिचीही बातमी होते. घुमणारा नर नाही, मग ती तरी कुणासाठी थांबेल?

तणमोर, धाविक, खोकड, लांडगा अजून गवतावरच जगतात. येत्या पावसाळ्यात रोपं घेऊन एखाद्या उजाड माळाकडे निघालात, तर कृपा करून ती परत न्या. तुमच्या अंगणात लावा. माळाला गवत पुरतं.