औषधाची बाधा

श्रीपूर म्हणजे कारखान्याचं गाव, चहूकडे ऊस. पण फवारणी खरी डाळिंबावर. आणि फवारायच्या विषाला आमच्याकडे विष कुणी म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, अमक्याला औषधाची बाधा झाली. जणू चार दिवसांत उतरून जाणारं काहीतरी!

नात्यातले एक काका महिन्याभरात दोनदा दवाखान्यात गेले. पहिल्यांदा घाम, उलट्या, डोळ्यांपुढे धूसर. ॲट्रोपीनची इंजेक्शनं झाली, चार दिवसांत घरी आले. तीन आठवड्यांनी पंप परत पाठीवर, आणि निम्मी बाग व्हायच्या आत आडवे. काकू म्हणाल्या, "या खेपेचं औषधच कडक होतं." पण बाटली तर तीच होती!

झालं होतं ते वेगळंच. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या जातीची औषधं अंगातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. नसांनी स्नायूंना, ग्रंथींना धाडलेला निरोप वेळेवर थांबवणं हे त्याचं काम. ते बंद पडलं की लाळ, घाम सुटतो, बुबुळं बारीक होतात, आणि शेवटी श्वास अडतो. लक्षणं आठवड्यात जातात, पण रक्ताच्या तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम दिवसाला जेमतेम एक टक्का भरून येतं. पुरतं भरायला तीन-चार महिने! तोवर माणूस धडधाकट दिसतो, आणि आधीपेक्षा कमी औषधही त्याला पुरतं.

त्यात ज्याला फवारणी चांगली जमते त्यालाच सगळे बोलावतात. "त्याचं अंग सरावलंय," म्हणतात. अंग कसलं सरावतंय!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणाऱ्यांचं हे एन्झाइम तपासतात. फार उतरलं तर भरून येईपर्यंत त्याला त्या कामावरून बाजूला ठेवतात. इथे रोजंदारीच्या माणसाला कोण बाजूला ठेवणार? आणि ठेवलं तर त्याची हजेरी कोण भरणार?

काकांना आम्ही सगळ्यांनी मिळून दिवाळीपर्यंत थांबवलंय. पंप माळ्यावर टाकलाय. काकू खुरपायला जातात, त्यावर चाललंय. पलीकडचे बागवाले मात्र एक दिवसाआड येऊन विचारतात, "बरं वाटतंय ना आता?"