चोपत्याचे दाढीवाले वृक्ष

गढवालमधील चोपत्याहून तुंगनाथच्या दर्शनाला निघालात, की वाटेतल्या झाडांच्या फांद्यांकडेही जरा पाहा. हिरवट-करड्या दाढ्या लोंबताना दिसतील. ही उस्निया, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातली. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडीचा संसार! जगात हिच्या ३००हून अधिक जाती. काही झुडपासारख्या, तर ‘लाँगिसिमा’ माळेसारखी लांबच लांब. ओळख सोपी. खाली पडलेला तंतू ओला करून हलकेच ताणा, आत पांढरा लवचीक दोरा दिसेल. जात ठरवायला मात्र रसायनांची कसोटी लागते. धुरकट हवा हिला सोसत नाही. म्हणून झाडावरची दाढी ओरबाडू नका. ती आहे तोवर तिथली हवा निर्मळ आहे, असे खुशाल समजा.