‘रोजच्या बोलण्यातले’ शब्द ठरवतं कोण?

ओळखीतली एक मुलगी. तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. मुलाखतीच्या तयारीसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथून यादी मिळाली, ‘रोजच्या बोलण्यातले ५०० इंग्रजी शब्द’. मी चाळली. त्यात ‘स्टार्ट’ नाही, ‘कमेन्स’ आहे. ‘बाय’ नाही, ‘परचेस’ आहे. पोरीला वाटतंय, हे येत नाही म्हणजे आपल्याला इंग्रजीच येत नाही!

एखादा शब्द रोज बोलला जातो, हे ठरवायचं कसं? आपल्याकडे इंग्रजी पेपरातले अग्रलेख वाचून ठरवतात, नाहीतर शब्द किती भारी वाटतो यावरून. कुणी गूगलचं एनग्रॅम दाखवतं, पण ते पुस्तकांतले शब्द मोजतं, तोंडचे नाही.

बोलणं मोजायचं तर ते रेकॉर्ड करून उतरवून काढावं लागतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पससाठी १९९० च्या दशकात सामान्य माणसांना रेकॉर्डर देऊन त्यांचं रोजचं बोलणं टिपलं गेलं. एवढा खटाटोप करूनही १० कोटी शब्दांत बोललेले साधारण १ कोटीच. कारण छापलेलं आयतं मिळतं, बोललेलं हवेत विरून जातं.

नुसती बेरीजही पुरत नाही. एका प्राध्यापकाने व्याख्यानात एकच शब्द शंभरदा वापरला, म्हणून तो लोकांच्या तोंडचा होत नाही. किती वेगवेगळी माणसं तो बोलली, हेही बघावं लागतं.

आणि माणसं कुठली? आपल्या ऑफिसांत मीटिंग सर्रास ‘प्रीपोन’ होते, लंडनची मोजणी त्याचं काय सांगणार? भारतीय इंग्रजीची मोजणी आपल्याच कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात झाली आहे. १९७८ सालचा छापील मजकूर, १० लाख शब्द. पुढे ‘आयसीई-इंडिया’ या संग्रहातही याच विद्यापीठाचा वाटा होता, आणि त्यात ६० टक्के भाग बोललेल्या इंग्रजीचा आहे. क्लासवाल्यांपैकी किती जणांनी हे नाव तरी ऐकलंय?

म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी एवढंच विचारा: ही यादी कुठून आली? कुणाचं बोलणं मोजलंत? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा. आणि पोरांना ‘स्टार्ट’, ‘बाय’ असल्या साध्या शब्दांत बिनधास्त बोलू द्या.