क्षमाशील पाते

निवृत्तीनंतर कुंभवलीच्या माळावर, शेजारच्या कारखान्यातील साहेबांनी दिलेल्या जुन्या आयर्न क्लबांनी आम्ही गोल्फ गिरवू लागलो. ते ‘ब्लेड’ जातीचे: पाते पातळ, वजन मध्यापाशी एकवटलेले. चेंडू जरा कडेला लागला की मनगटे झिणझिणत. स्वतःचा संच घेताना आम्ही पाठीत खोलगा असलेला निवडला. तारापूरचे अणुवीजकेंद्र उभारणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकमधील एकेकाळचे अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६०च्या दशकात वजन कडांना वाटण्याची ही युक्ती रुजवली. त्यामुळे कडेच्या फटक्यातही पाते कमी वळते. चूक पुसली जात नाही. शिक्षा तेवढी सौम्य होते. उत्तरपत्रिका तपासताना मात्र आम्ही आयुष्यभर ब्लेडच राहिलो, हे आता सलते.