तीन लाइफचा कॉन्ट्रा

कॉन्ट्राची तिसरी लेव्हल धबधब्याची आहे. पहिल्या लेव्हलच्या जंगलात आपण डावीकडून उजवीकडे पळत सुटतो. इथे मात्र खडकांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. जो वर असेल त्याच्याबरोबर अख्खा पडदा वर सरकतो, आणि मागे राहिलेला गडी पडद्याच्या खालच्या कडेला पोचला की मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, तो दरीतही पडलेला नसतो. जोडीदार पुढे गेला, एवढंच त्याच्या मरणाचं कारण. ताई आणि मी हा खेळ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमागून सुट्ट्या खेळलो, पण या लेव्हलची खरी गंमत आम्हाला समजली ती चाळिशी ओलांडल्यावर. लहानपणी आमच्याकडे ३० लाइफ होत्या.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून घराघरांत जो डबा आला, तो बहुतेक वेळा निंटेंडोच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल असायचा. आमचाही तसाच होता. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची, एखादा रिकामा चॅनेल लावून चित्र येईपर्यंत बटण फिरवत बसायचं, आणि पिवळी कॅसेट फुंकून आत दाबायची. चित्र लागताच ताई पहिला रिमोट घ्यायची, कारण ती मोठी. (गेमच्या पॅडला आमच्या गल्लीत रिमोटच म्हणत.) कॅसेटच्या मेन्यूत शेकड्यांनी नावं, त्यांत तेच ते खेळ फिरून फिरून आलेले. त्या यादीतलं कॉन्ट्राचं एक नाव निवडलं की थेट ३० लाइफ मिळायच्या. ते कितव्या पानावर आहे हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

ज्यांच्याकडे अमेरिकन कॅसेट होती ते या ३० लाइफ बटणांच्या क्रमाने मिळवत: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि स्टार्ट. हा क्रम मुळात कॉन्ट्रासाठी केलेला नव्हता. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरच्या यंत्रावर आणत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळून बघणं त्यांना फार अवघड जात होतं, म्हणून सगळी शस्त्रं एकदम हाती देणारी ही वाट त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केली आणि ती खेळात तशीच राहिली. कॉन्ट्रा १९८७ मध्ये आर्केडच्या यंत्रावर आला, १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर, आणि हाशिमोतोंची ती सोय त्याच्यामुळे जगभर पोचली. २०२० मध्ये हाशिमोतो गेले तेव्हा अनेकांनी तोच बटणांचा क्रम लिहून त्यांना निरोप दिला. मला तो निरोप फार योग्य वाटला.

कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ काढलं. गेल्या दिवाळीत ताईकडे पुण्याला गेलो तेव्हा ते तिच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर घेतलं आणि दोन पॅड जोडले. मी सवयीने वर, वर, खाली, खाली सुरू केलं, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, “नको. या वेळी तीनच लाइफ घेऊन खेळू. बघू तरी, आपल्याला येत होतं का.”

ताईच्या या एका वाक्यामुळे आम्हाला हा खेळ नव्याने मिळाला.

तीन लाइफ म्हटल्यावर पहिला बदल डोळ्यांत होतो. आपण बघायला लागतो. कॉन्ट्रात एक गोळी लागली की संपलं, हातातलं शस्त्रही गेलं. पण शत्रूच्या गोळ्या हळू येतात, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या स्वच्छ दिसत येतात. उडी मारल्यावर आपला गडी कोलांटी घेतो, आणि हवेत असतानाही त्याला मागे-पुढे वळवता येतं. पळत येणाऱ्या शिपायांचा नेम नसतो. तोफा मात्र ठरल्या जागीच उगवतात. पहिल्या लेव्हलचे पूल आपण पाऊल टाकलं की एकेक तुकडा करत उडतात, आणि ते कुठे उडणार हे दुसऱ्या वेळी माहीत असतं. पाण्यात उतरून खालचं बटण दाबलं तर गडी बुडी मारतो, तेवढा वेळ त्याला गोळी लागत नाही, पण त्यालाही गोळी मारता येत नाही. ही बुडी लहानपणी आम्ही मजा म्हणून मारायचो. या वेळी ताई पाण्यात दडून वरच्या तोफेचा फेर मोजत होती. हा खेळ कठीण आहे, पण तो फसवत नाही. मेलो तर का मेलो हे दर वेळी दिसतं. इतका सरळ व्यवहार मला आजच्या फार थोड्या खेळांत सापडतो.

भाचा मागे बसून बघत होता. त्याच्या खेळांत गोळी लागली की आडोशाला थांबायचं, थोड्या वेळाने तब्येत आपोआप भरून येते. पहिल्याच शिपायाला धडकून माझा गडी गेला तेव्हा तो म्हणाला, “मामा, एवढ्याशाने?” मग मात्र तो उठला नाही.

एक गोष्ट जुनी होती तशीच भेटली. कॉन्ट्रातलं लाडकं शस्त्र म्हणजे ‘एस’, एका वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरवणारं. दोघांकडेही एस असली आणि समोर गर्दी झाली की चित्र लुकलुकायला लागतं, खेळ जड होतो. आमच्या घरी याचं कारण ‘कॅसेट तापली’ असं सांगितलं जायचं आणि मग सक्तीची सुट्टी मिळायची. लुकलुकण्याचं खरं कारण यंत्राच्या मर्यादेत आहे. ते यंत्र पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं काढू शकतं. त्याहून जास्त झाली की काही गाळावी लागतात, म्हणून खेळ बनवणारे त्यांना आळीपाळीने दाखवत. नव्या संचातही ते लुकलुकणं ठेवलंय, आणि बरं झालं ठेवलं. त्या जडावलेल्या क्षणात दोन गोळ्यांमधली फट नीट दिसते. आमची बोटं अजूनही तिथेच उडी मारतात.

मग धबधबा आला.

लहानपणी ही लेव्हल म्हणजे शर्यत होती. जो आधी वर तो जिंकला, मागचा मेला तर मेला, त्याच्याकडे अजून वीस-पंचवीस लाइफ असायच्या. या वेळी माझ्याकडे एक उरली होती, ताईकडे दोन. वरून दगड गडगडत येतात, काही खडक हवेत सरकत असतात, आणि मधल्या पुलांवर आगीचे लोळ इकडून तिकडे फिरतात. मी एका खडकावर अडकलो. ताई वरच्या कठड्यावर होती. पुढची उडी तिला सहज मारता आली असती.

“थांबते. तू ये.”

“मागून गोळ्या येतायत, तू जा.”

“अरे, मी गेले तर तू मरशील. ये म्हणते ना.”

ती तिथेच उभी राहून गोळ्या चुकवत राहिली, वर न चढता, जागच्या जागी उड्या मारत. लहानपणी ती माझ्यासाठी अशी कधी थांबली नव्हती, मीही तिच्यासाठी नाही; तशी वेळच त्या ३० लाइफनी आमच्यावर येऊ दिली नव्हती. मी वर पोचलो आणि पुढच्याच लोळात मेलो. पण कॉन्ट्रात आणखी एक सोय आहे. आपल्या लाइफ संपल्या तर बटण दाबून जोडीदाराची एक उसनी घेता येते. त्याला विचारावं लागत नाही. आमच्या बालपणातली अर्धी भांडणं या बटणावरून झालेली आहेत, कारण दाबणाऱ्याला ती उसनवारी वाटते आणि ज्याची जाते त्याला चोरी. या वेळी मी बटणावर बोट ठेवून ताईकडे पाहिलं. तिने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “घे. एकटीने मला ते दोन हात मारता येणार नाहीत.”

दोन हात म्हणजे धबधब्याच्या माथ्यावरच्या राक्षसाचे. आधी ते उडवावे लागतात, मग तोंड उघडतं. डावा तिने घेतला, उजवा मी. त्याचा स्फोट झाल्यावर भाच्याने टाळ्या वाजवल्या, आणि ताईने पॅड ठेवून बोटं मोडली.

त्याच संचात जपानी आवृत्तीही आहे. तीत जंगलातली झाडं वाऱ्याने हलतात आणि पाचव्या लेव्हलला खरोखर बर्फ पडतो. अमेरिकन आवृत्तीत हे नाही. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची वेगळी चिप होती, तिच्या जोरावर हे जमलं. युरोपात तर बिल आणि लान्स हे दोन्ही वीर यंत्रमानव झाले आणि खेळाचं नाव ‘प्रोबोटेक्टर’ पडलं. ताईला पडणारा बर्फ इतका आवडला की आता आम्ही जपानीच खेळतो.

सहाव्या लेव्हलमध्ये अडलो आहोत. तिथे नळ्यांतून ज्वाळा ठराविक वेळाने पेटतात आणि विझतात, आणि दोघांना एकाच विझल्या क्षणात पलीकडे जावं लागतं. मी “आता” म्हणतो तेव्हा ताईच्या मते उशीर झालेला असतो. ती म्हणते, बोलायचंच नाही, दोघांनी मनात मोजायचं. मला ते पटलेलं नाही. ती नाताळच्या सुट्टीत येणार आहे, तिचे पॅड घेऊन.